जुन्या लॅपटॉपला वायफाय बसवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीतले जुने लॅपटॉप दुरुस्तीला माझ्याकडे येत असतात आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच असते, "बाकी सगळं ठणठणीत आहे, फक्त वायफाय नाही". कोणाचा २००३ चा असतो, कोणाचा २०१० चा ज्याचं आतलं कार्ड मेलंय. एवढ्यासाठी चांगली मशीन भंगारात गेलेली बघवत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी लिहून ठेवतोय. तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, पण काही विकत घ्यायच्या आधी 'यूएसबी अडॅप्टर घेताना काय बघायचं' हे चिपबद्दलचं उत्तर मात्र नक्की वाचा.

माझा लॅपटॉप १५-२० वर्षं जुना आहे, त्याला वायफाय लागू शकतं का?

जवळजवळ नक्की लागतं. यूएसबी पोर्ट, बाजूला कार्डची खाच, आत कार्डची जागा किंवा साधं लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची जागा), या चारपैकी एक काहीतरी असलं की रस्ता निघतो. कुठला रस्ता धरायचा हे मशीन किती जुनं आहे आणि त्यावर विंडोज कुठलं आहे यावर ठरतं. इंटेलचं सेंट्रिनो (प्रोसेसर, चिपसेट आणि वायफायचा एकत्र संच) मार्च २००३ मध्ये आलं आणि तिथून पुढे लॅपटॉपमध्ये वायफाय असणं हळूहळू नेहमीचं झालं. त्याआधीच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा नसतंच, असलंच तर वरून बसवलेलं.

माझ्यात वायफाय आहे की नाही हेच कळत नाहीये, कसं बघू?

हे आधी बघाच, कारण कितीतरी लोक अडॅप्टर विकत आणतात आणि मग कळतं की आत कार्ड होतंच, फक्त बटण बंद होतं. त्या काळच्या लॅपटॉपला पुढच्या कडेला किंवा बाजूला एक छोटं सरकतं बटण असायचं, बॅगेत घालता-काढता ते सरकतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. ते नसेल तर एफएन दाबून वरच्या ओळीतलं अँटेनाचं चित्र असलेलं बटण दाबून बघा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टरमध्ये वायरलेस नावाचं काही दिसतंय का, किंवा पिवळं उद्गारचिन्ह असलेलं 'नेटवर्क कंट्रोलर' दिसतंय का. पिवळं चिन्ह असेल तर कार्ड जिवंत असण्याची शक्यता चांगली आहे, बहुधा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीये. विंडोज फॉरमॅट करून घेतलंय त्यांच्याकडे हमखास हेच सापडतं.

अजून एक, विंडोजमधली वायफाय सांभाळणारी सर्व्हिस कधी कधी बंद असते. एक्सपीवर तिचं नाव वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन, व्हिस्टापासून पुढे डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग. ती चालू करा, कदाचित एक रुपयाही खर्च न होता काम होईल.

सगळ्यात सोपा उपाय कुठला?

यूएसबी अडॅप्टर. नखाएवढा असतो, तीनशे-चारशे रुपयांपासून मिळतो, लॅपटॉप उघडावा लागत नाही. २००५ नंतरचं मशीन, विंडोज ७ किंवा त्यापुढचं, आणि नुसतं मेल, युट्यूब, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर हाच घ्या आणि मोकळे व्हा. पण कुठलाही उचलून आणू नका, पुढचं उत्तर वाचा.

यूएसबी अडॅप्टर घेताना काय बघायचं? बॉक्सवर तर सगळ्यांवर सारखंच लिहिलेलं असतं.

बॉक्सवर ३००, ६००, १३०० असे वेगाचे मोठे आकडे असतात आणि लोक त्याच्यावरून निवडतात, तिथेच फसतात. बघायची गोष्ट एकच, आत चिप कोणाची आहे आणि त्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या सिस्टिमसाठी आहे का. कंपनीचं नाव म्हणजे वरचं प्लास्टिक आहे, खरं काम रियलटेक, मीडियाटेक (रालिंक कंपनी यांनीच विकत घेतली), अथेरॉस अशा दोन-चार चिपवाल्यांचं असतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका मॉडेलचा अडॅप्टर मी लिनक्ससाठी (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम) घेतला होता, लावला आणि लगेच चालला, इतका आवडला की दीड-दोन वर्षांनी शेजारच्या काकूंच्या मशीनसाठी तोच परत मागवला, तोच बॉक्स, तोच फोटो, तीच लांब अँटेना, आणि लावला तर काहीच नाही. दोन तास गेले. शेवटी पाठीमागच्या स्टिकरवर भिंग धरून बघितलं तेव्हा मॉडेल नंबरच्या पुढे बारीक अक्षरात व्हर्जन २ लिहिलेलं. पहिल्यात अथेरॉसची चिप होती, दुसऱ्यात रियलटेकची, नाव मात्र जसंच्या तसं. तेव्हापासून मी दुकानात मॉडेल विचारत नाही, आधी चिप आणि व्हर्जन विचारतो, आणि दुकानदाराला माहीत नसेल तर परत घेणार का ते विचारून मगच पैसे देतो.

निवडायला सोपं जावं म्हणून: विंडोज एक्सपी आणि ७ साठी रियलटेक ८१८८सीयूएस, ८१९२सीयू किंवा रालिंक आरटी५३७० चालतात, ही जुनी पण भरवशाची माणसं आहेत. लिनक्ससाठी अथेरॉस एआर९२७१ किंवा आरटी५३७०, आणि ५ गिगाहर्ट्झ (वायफायच्या २.४ आणि ५ अशा दोन बँडपैकी दुसरा) पाहिजे असेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू. या सगळ्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहेत, वेगळं काही कंपाइल करत बसावं लागत नाही.

३०० एमबीपीएसचा अडॅप्टर लावला तरी स्पीड येत नाही, फसवलं का मला?

फसवलं नाही, पण तुमचं यूएसबी पोर्ट बघा. यूएसबी १.१ चा कमाल वेग १२ एमबीपीएस आहे, म्हणजे फाइल कॉपी करताना सेकंदाला एक एमबीसुद्धा धड येत नाही, त्याला तुम्ही कितीही भारी अडॅप्टर लावा. यूएसबी २.० ला ४८० आहे, तिथे बरं चालतं. साधारण २००२ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये १.१ च असायची शक्यता जास्त. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीखाली 'एन्हान्स्ड' हा शब्द दिसला की २.० आहे समजा.

आणि बॉक्सवरचा आकडा हा हवेतला वेग असतो, हातात त्याच्या निम्मा पडला तरी चांगलं म्हणायचं. राउटरवर अजून डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी सिक्युरिटी ठेवली असेल तर ८०२.११एन (वायफायच्या बी, जी, एन, एसी अशा पिढ्यांपैकी एक) चं कार्डसुद्धा ५४ एमबीपीएसवरच अडकतं, एईएस ही पुढची पद्धत लावली की मोकळं होतं. डब्ल्यूईपी तर ठेवूच नका, ते २००१ मध्येच फोडलं गेलंय.

लॅपटॉपच्या बाजूला एक लांबट खाच आहे, दाबलं की बटण बाहेर येतं, ती कशाची?

ती पीसी कार्डची, जुने लोक पीसीएमसीआयए म्हणतात. एटीएम कार्डएवढ्या लांबी-रुंदीचं, ५ मिलिमीटर जाडीचं कार्ड त्यात जातं. मला ही खाच फार आवडते कारण जिथे यूएसबी १.१ आहे तिथे हीच तारून नेते.

यात दोन पिढ्या आहेत. जुनी १६ बिटची, नवी ३२ बिटची, तिला कार्डबस म्हणतात. कार्डबसच्या कार्डाच्या तोंडाशी बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी असते, ती बघून ओळखायचं. जुन्या १६ बिटच्या खाचेत कार्डबस कार्ड पूर्ण आत जातच नाही, खाचेची घडणच तशी आहे, जोर लावू नका, आतल्या पिना वाकल्या की संपलं. साधारण १९९७-९८ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपला कार्डबस असतं.

घ्यायचं झालं तर ८०२.११जी किंवा एनचं कार्डबस घ्या. जुनी ८०२.११बी ची कार्डं स्वस्तात पडलेली दिसतात, घेऊ नका, बहुतेक डब्ल्यूपीए२ (डब्ल्यूईपीनंतरची चांगली सिक्युरिटी) च्या आधीची आहेत आणि आजच्या घरातल्या राउटरला ती जोडलीच जाणार नाहीत. नवीन कार्ड आता बनत नाही, वापरलेलंच शोधावं लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली आणि आजूबाजूला, जुना माल ठेवणाऱ्यांकडे चौकशी करायची, आणि लॅपटॉप सोबत घेऊनच जायचं, तिथेच लावून बघायचं.

साधारण २००५ नंतरच्या काही लॅपटॉपला तशीच दिसणारी पण वेगळी खाच असते, एक्स्प्रेसकार्ड. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत.

आतलं कार्ड बदलणं अवघड असतं का?

नाही, आणि जमलं तर हाच सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. बाहेर काही लोंबत नाही, अँटेना स्क्रीनच्या कडेने वर गेलेल्या असतात त्यामुळे रेंजही चांगली मिळते.

आधी चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हात एखाद्या लोखंडी वस्तूला लावून घ्या. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला खाली छोटं झाकण असतं, एक-दोन स्क्रू काढले की कार्ड समोर. काहींना मात्र कीबोर्ड उचलावा लागतो. कार्डावर दोन बारीक वायरी चिकटलेल्या दिसतील, एक काळी एक पांढरी, टोकाला साबुदाण्याहून लहान पितळी टोपी. नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलायची, आडवी ओढली तर टोपी तुटते. बहुतेक वेळा पांढरी मेनची (मुख्य अँटेना), काळी ऑक्सची (दुसरी), फोटो काढून ठेवा म्हणजे परत लावताना विचार करावा लागत नाही. लावताना टोपी बरोब्बर मधोमध ठेवून बोटाने दाबायची, टिक असा बारीकसा आवाज बोटाला जाणवतो, तो नाही जाणवला म्हणजे बसलेली नाही.

कधी कधी झाकण उघडल्यावर कार्डची जागा रिकामी असते पण दोन वायरी टेपने चिकटवून ठेवलेल्या सापडतात. हे सापडलं की मला खरंच आनंद होतो, म्हणजे कंपनीने सगळी तयारी केली होती, फक्त त्या स्वस्त मॉडेलमध्ये कार्ड घातलं नव्हतं. नुसतं कार्ड आणा, लावा, झालं.

आत कुठल्या प्रकारचं कार्ड लागेल?

साधारण २००५-०६ पर्यंत मिनी पीसीआय, मग २०१३-१४ पर्यंत मिनी पीसीआय एक्स्प्रेस, त्यानंतर एम.२. पहिलं जवळजवळ चौकोनी आणि मोठं, दुसरं ३० मिलिमीटर रुंद आणि फुल किंवा हाफ अशा दोन लांब्यांत, तिसरं २२ बाय ३० चं छोटुकलं. हाफ कार्ड फुलच्या जागेत बसवायला पत्र्याची छोटी पट्टी मिळते.

मिनी पीसीआयसाठी अथेरॉसचं जी कार्ड शोधा. मिनी पीसीआय एक्स्प्रेससाठी माझी पसंती इंटेल ६२०५ ला, दोन्ही बँड पकडतं आणि एक्सपीपासून ड्रायव्हर आहे. विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर इंटेल ७२६०, त्यात ८०२.११एसी आणि ब्लूटूथ दोन्ही.

नवीन कार्ड बसवलं आणि लॅपटॉप चालूच होत नाही, काळ्या स्क्रीनवर काहीतरी मेसेज येतोय. बिघडवलं का मी?

घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. काही कंपन्यांनी बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डांची यादी घातली होती, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन पुढे जात नाही. थिंकपॅडवर १८०२ आकड्याचा मेसेज येतो, एचपीवर १०४ चा. कार्ड काढा, मशीन पहिल्यासारखं सुरू होईल. मग त्या लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कुठल्या पार्ट नंबरची कार्डं चालतात ते बघून नेमकं तेच घ्यायचं. चिप तीच असून चालत नाही, त्या कंपनीसाठी बनलेलं कार्ड लागतं. बायोस बदलून यादी काढून टाकणारे लोक आहेत, पण चुकलं तर मदरबोर्ड जातो, वायफायसाठी मी तो धोका कुणाला सांगणार नाही. सरळ यूएसबी लावा.

लेटेस्ट वायफाय ६ चं कार्ड टाकू का मग, एकदाच काय ते?

इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही एम.२ ची कार्डं आहेत, मिनी पीसीआय एक्स्प्रेसला जोडायचा अडॅप्टर मिळतो, पण विंडोजचा ड्रायव्हर १० आणि ११ च्या ६४ बिटलाच आहे. विंडोज ७ वर बसून राहणार असाल तर उपयोग नाही. आणि ९५६० किंवा एएक्स२०१ असं लिहिलेलं कार्ड चुकूनही घेऊ नका, ते दिसायला तसंच असतं, स्वस्त मिळतं, पण त्याचं अर्धं काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतं. जुन्या लॅपटॉपमध्ये ते नुसता तुकडा आहे.

विंडोज एक्सपी आहे, चालेल?

चालेल, पण सर्व्हिस पॅक ३ पाहिजे, डब्ल्यूपीए२ त्यात येतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणून त्यावर बँकेचं काही करू नका, जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, घरातल्या घरात फाइली पाठवणं एवढ्यासाठी ठीक. विंडोज ९८ असेल तर त्यात वायफायची सोयच नाही, कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते डब्ल्यूपीए२ शी सहसा जमवून घेत नाही, त्यांनी खालचा लॅन पोर्टवाला उपाय करावा.

लिनक्स टाकलं तर?

मशीन ऑनलाइनच वापरायचं असेल तर माझं मत टाकाच. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर अँटीएक्स बघा, डेबियन १२ पण चालतं (दोन्ही लिनक्सच्याच आवृत्त्या), १३ पासून मात्र त्यांनी ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय. अथेरॉसची आतली जुनी कार्डं फर्मवेअरशिवाय (कार्डात भरावं लागणारं छोटं सॉफ्टवेअर) लगेच चालतात, ब्रॉडकॉमवाल्यांना फर्मवेअर वेगळं टाकावं लागतं.

एक गंमतीदार अडचण सांगतो. काही यूएसबी अडॅप्टर लावल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात, कारण आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी कमांड (छोट्या अक्षरांत) दिली की रियलटेकच्या नावापुढे १ए२बी असा नंबर दिसला तर हेच झालंय. फाइल मॅनेजरमधून ती खोटी सीडी इजेक्ट करा, किंवा यूएसबी मोडस्विच नावाचं पॅकेज टाका, मग आतलं वायफाय बाहेर येतं.

ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे, काय करू?

अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज ७ पासून पुढे आणि लिनक्सवर हे बहुधा सरळ चालतं. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा बंद ठेवा म्हणजे पॅक संपणार नाही. आयफोनवर असं होत नाही, तो फक्त मोबाइल डेटा देतो. तात्पुरतं काम असेल तर यातच भागतं, अडॅप्टर घ्यायचीही गरज नाही.

ड्रायव्हरची कटकटच नको असेल तर काही आहे का?

आहे, आणि फारच थोड्या लोकांना सुचतं. लॅपटॉपचं लॅन पोर्ट वापरा. चहाच्या बशीत मावेल एवढा छोटा राउटर मिळतो, त्याला क्लायंट मोडमध्ये टाकायचं, म्हणजे तो घरच्या वायफायला फोनसारखा जोडला जातो आणि त्याच्या लॅन पोर्टमधून लॅपटॉपला नेट देतो. बाजारात जे रेंज एक्स्टेंडर मिळतात त्यातल्या कित्येकांना लॅन पोर्ट असतं, ते पण हेच काम करतात. घरात जुना राउटर पडला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये क्लायंट, ब्रिज किंवा डब्ल्यूआयएसपी असं काही आहे का बघा, कदाचित फुकटात होईल.

यात सौंदर्य असं की लॅपटॉपला वायफाय म्हणजे काय हे कळायची गरजच राहत नाही, त्याला वाटतं वायर लावलीय. पासवर्ड, डब्ल्यूपीए२ किंवा ३, सगळी डोकेफोड तो छोटा डबा करतो. विंडोज ९८ असो नाहीतर आणखी काही, लॅन चाललं की नेट चाललं. तोटा एवढाच की एक वायर आणि एक डबा सोबत राहतो, म्हणून टेबलावर एका जागी असणाऱ्या मशीनला हे उत्तम.

सगळ्यांचे फोन जोडले जातात, माझ्या लॅपटॉपला आमचं नेटवर्क दिसतच नाही.

तीन कारणं बघा. नेटवर्क ५ गिगाहर्ट्झचं असेल, जुनं बी-जी कार्ड फक्त २.४ बघतं. किंवा राउटर २.४ मध्येच पण चॅनेल १२ किंवा १३ वर असेल, अमेरिकेसाठी बनलेली कार्डं ११ च्या पुढे बघत नाहीत, आणि आपल्याकडे वापरलेली कार्डं बरीचशी बाहेरून आलेली असतात. राउटरला चॅनेल १, ६ किंवा ११ ला पक्कं करा. तिसरं म्हणजे डब्ल्यूपीए३, त्यात नेटवर्क दिसतं पण जोडलं जात नाही, कधी कधी २ आणि ३ च्या मिक्स मोडवरही जुनी कार्डं अडतात. त्यासाठी सगळ्या घराची सिक्युरिटी कमी करू नका, राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क बनवा, फक्त २.४, फक्त डब्ल्यूपीए२ एईएस, नाव इंग्रजीत आणि साधं.

कनेक्ट झालंय, सिग्नल फुल आहे, पण एकही साइट उघडत नाही.

घड्याळ बघा! लॅपटॉपमधलं छोटं सेल मेलं की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला खोटं वाटतं. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी नातवाशी बोलायला मशीन काढलं होतं, आम्ही राउटर रीसेट केला, ड्रायव्हर परत टाकला, आणि खाली कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २००२ दाखवत होती. तारीख बदलली, लगेच सगळं उघडलं, आजोबा खुश. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते सेल सीआर२०३२ च असतं, फक्त वायर लावलेलं, बदलून घ्या. तारीख बरोबर असूनही अडत असेल तर ब्राउझर फार जुना आहे.

सारखं तुटतंय.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी बंद करायची टिक काढा. यूएसबी असेल तर हातभर एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर लॅपटॉपपासून लांब, उंचावर ठेवा, फरक लगेच दिसतो. लॅपटॉपला निळे यूएसबी ३ पोर्ट असतील तर अडॅप्टर त्यांच्या शेजारी नको, त्यांच्यामुळे २.४ मध्ये गोंगाट होतो.

आतलं कार्ड ब्लूटूथवालं घेतलं तर ब्लूटूथ पण मिळेल?

मिळेलच असं नाही. त्या कार्डांचं ब्लूटूथ खाचेतल्या यूएसबीच्या तारांवर चालतं आणि काही जुन्या मदरबोर्डवर त्या तारा दिलेल्याच नसतात, मग वायफाय झकास चालतं आणि ब्लूटूथ कुठेच दिसत नाही. तसं झालं तर कार्ड परत करायला जाऊ नका, छोटं यूएसबी ब्लूटूथ मिळतं ते लावा.